पॉली उम्रीगर: सोलापूर ते पोर्ट ऑफ स्पेन

१८७७ मध्ये, पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेलेली गिरणी सुरू झाल्यापासून सोलापूरचा कापडधंदा वाढत गेला. त्याच गावी एका पारशी कापड व्यावसायिकाच्या घरी २८ मार्च १९२६ रोजी पहलन रतनजी ऊर्फ पॉली उम्रीगर यांचा जन्म झाला. त्यांच्या शालेय वयातच कुटुंब मुंबईला गेले. तेथे क्रिकेटचे वर्चस्व ‘पंचरंगी’ सामन्यांकडे, म्हणजे हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपीय आणि उर्वरित अशा जमातवार संघांच्या स्पर्धेकडे होते. आज खटकणारी ही रचना १९४६ मध्ये संपुष्टात आली, मात्र १९४४ मध्ये पारशी संघाकडून प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये उतरलेल्या उम्रीगरांना तिनेच पहिली मोठी संधी दिली होती. १९४८ मध्ये पाहुण्या वेस्ट इंडिज संघाविरुद्ध त्यांनी संयुक्त विद्यापीठांकडून पुण्यात नाबाद शतक काढले आणि त्याच मोसमात ते भारताकडून कसोटी खेळले.

फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय इंग्लंडवर मिळवला, त्यात उम्रीगरांच्या नाबाद १३० धावा होत्या. त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यात मात्र फ्रेड ट्रूमनच्या वेगापुढे त्यांना सात कसोटी डावांत अवघ्या ४३ धावा करता आल्या. दौऱ्यातील इतर सामन्यांत त्यांनी तीन द्विशतके ठोकली होती, तरी ‘वेगापुढे बिचकणारा फलंदाज’ हा शिक्का त्यांना चिकटला. तो अन्यायाचा होता, असे पुढील दशकावरून म्हणावे लागते: १९५३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात त्यांनी ५६० धावा केल्या, १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा करून कसोटीत द्विशतक झळकावणारे ते पहिले भारतीय ठरले, १९५९ मध्ये मँचेस्टरला, इंग्लंडच्याच भूमीवर, त्यांनी ११८ धावा काढल्या. आठ कसोटींत त्यांच्याकडे कर्णधारपदही होते. ते त्यांनी १९५९ च्या आरंभी मद्रास कसोटीच्या तोंडावर संघनिवडीच्या वादातून सोडून दिले. त्याच वर्षाअखेर कानपूरला भारताने ऑस्ट्रेलियाला प्रथमच नमवले. त्या विजयाचे श्रेय जसू पटेल यांच्या १४ बळींना दिले जाते, आणि ते रास्तच आहे. परंतु दुसऱ्या डावात २७ धावांत चार गडी टिपणारे उम्रीगर सहसा कोणाच्या स्मरणात नसतात.

ट्रूमनच्या प्रकरणाचा खरा निकाल एप्रिल १९६२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे लागला. कर्णधार नरी काँट्रॅक्टर डोक्याला चेंडू लागून जायबंदी झाले होते, मालिका हातची गेली होती आणि समोर वेस्ट इंडिजचे वेगवान गोलंदाज वेस्ली हॉल होते. उम्रीगरांनी आधी १०७ धावांत पाच बळी घेतले, पहिल्या डावात ५६ धावा केल्या आणि फॉलोऑन मिळाल्यावर, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला उतरावे लागल्यावर, संघाच्या ४२२ धावांपैकी १७२ एकट्याने, तेही नाबाद काढल्या. एकाच कसोटीत शतक आणि पाच बळी अशी कामगिरी त्यांच्यापूर्वी विनू मांकड या एकाच भारतीयाने केली होती. सामना भारताने सात गड्यांनी गमावला. पुढची किंग्स्टन कसोटी उम्रीगरांची अखेरची ठरली. ५९ कसोटी, ३६३१ धावा आणि १२ शतके हे तिन्ही तेव्हाचे भारतीय उच्चांक होते आणि त्यांतील धावांचा व शतकांचा उच्चांक पुढे सुनील गावसकरांनी ओलांडला.