नंदुरबारच्या माणसाचे औषध

माझ्या थोरल्या वहिनींचे माहेर नंदुरबारचे. इथे इंदुरात त्यांना स्तनाच्या कर्करोगासाठी सलाईनमधून औषध सुरू झाले, तेव्हा मी बाटलीवरचे नाव वाचले : पॅक्लिटॅक्सेल. टॅक्सॉल म्हणतात ते हेच. म्हटले, "वहिनी, हे तुमच्या माहेरच्या माणसाने शोधले आहे." त्यांना वाटले, दीर थट्टा करतो आहे.

मनसुख वाणी १९२५ साली नंदुरबारला जन्मले. मराठी, गुजराती, अहिराणी एकाच दुकानात ऐकू यावी असा तो सरहद्दीचा गाव. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेस गेले, १९६२ साली इंडियाना विद्यापीठाचे डॉक्टर झाले आणि उत्तर कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. तीस वर्षे शाळेत घालवूनही मी हे नाव एकाही वर्गात घेतले नव्हते, याची लाज वाटते.

त्याच १९६२ साली आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यातील रानातून पॅसिफिक यू या झाडाची साल गोळा केली होती. तिच्यातले गुणकारी द्रव्य वेगळे काढून त्याची रचना वॉल व वाणी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केली. पण ते पेशीत करते काय, हे १९७९ साली न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवले.

पेशी दुभंगताना तिच्यात ट्युब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्म नलिका उभ्या राहतात आणि गुणसूत्रांची वाटणी करून ती दोन टोकांना ओढून नेतात. त्यासाठी नलिका सतत बांधल्या आणि सोडल्या जाव्या लागतात. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारी व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही औषधे नलिका बांधूच देत नाहीत. टॅक्सॉलची तऱ्हा उलटी. बांधलेली नलिका ते सुटू देत नाही. मांडव घातला, पण उतरवता येईना! वाटणी अडते आणि पेशी मरते. हॉर्विट्झबाईंच्या आधी असे वागणारे औषध कोणी पाहिले नव्हते.

अमेरिकेत १९९२ च्या अखेरीस अंडाशयाच्या आणि १९९४ साली स्तनाच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. साल सोलली की झाड मरते. पुढे यूच्या पानांतील द्रव्यापासून औषध बनवता येऊ लागले, म्हणून रान वाचले.

मात्र औषधाला आपपर कळत नाही. केसांच्या मुळाशीही पेशी भराभर दुणावतात, म्हणून केस जातात. मज्जातंतूंत तर याच नलिका रसद वाहण्याचे रस्ते असतात. ते बिघडले की बोटे बधिर होतात. वहिनींना सुईत दोरा ओवता येईना.

वाणी २०२० साली वारले, हेही मी त्यांना सांगितले. "बोटांचं तेवढं बघायला हवं होतं हो त्यांनी," म्हणाल्या, आणि सुई-दोरा माझ्यापुढे धरला.