सुट्टीचा वार

श्रोतेहो, रविवार म्हटला की घरोघरची छोटीमोठी कामे डोळ्यांपुढे उभी राहतात. कोणी सायकल उलटी करून चाकाला तेल देत असतो, कोणी बाजेची सुंभ आवळीत असतो. उन्हाळा असेल तर अंगणात पापड-कुरडया वाळत असतात आणि कावळे हाकलायला घरातले लहान पोर बसवलेले असते. मोठी मुले पतंगाला मांजा लावण्यात गुंतलेली असतात. या गोष्टी इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की, हा वार सुट्टीचा कधीपासून झाला, कोणामुळे झाला, हे विचारावे असेही कोणाला वाटत नाही. ती हकिगत आज सांगायची आहे. इतिहास म्हणजे केवळ लढाया आणि तह नव्हेत. आपल्या घरातल्या एका मोकळ्या दिवसालाही इतिहास असतो.

पूर्वी आपल्याकडे विसावा नव्हता असे मात्र नाही. तो वारापेक्षा तिथीवर आणि हंगामावर चाले. पाठशाळेत प्रतिपदा, अष्टमी, पौर्णिमा, अमावास्या अशा तिथींना अनध्याय असे, म्हणजे त्या दिवशी पाठ द्यायचा नाही आणि घ्यायचाही नाही. शेतकरी अमावास्येला औत धरीत नसे. कित्येक गावांत सोमवारी बैल जुंपत नसत, कारण बैल म्हणजे महादेवाचा नंदी आणि सोमवार महादेवाचा. पोळा-बेंदराला तर बैलांचा मोठाच मान. आदल्या दिवशी खांदेमळणी करायची, दुसऱ्या दिवशी शिंगे रंगवून, झूल घालून मिरवायचे आणि पुरणपोळी खाऊ घालायची. आठवड्याचा बाजार हीदेखील एक सुट्टीच. त्या दिवशी मजुरी हाती पडे, मीठमिरची घरात येई, पाहुण्यांची गाठ पडे आणि पोरांच्या वाट्याला शेवचिवडा येई. पुण्याच्या पेठांना वारांची नावे आहेत हे आपण जाणताच.

ही घडी मोडली ती गिरण्यांनी. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची उभारणी सुरू केली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढच्या तीस वर्षांत मुंबईत धुराड्यांचे रान माजले. साताऱ्या-पुण्याकडचे, कोकणातले शेतकरी मागावर आणि चात्यांवर उभे राहिले. यंत्राला अमावास्या कळत नाही आणि सोमवारही कळत नाही. सूर्य उगवला की भोंगा आणि मावळला की सुटका, अशी उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांची पाळी होई. वर्षातून काही ठराविक सणांना गिरणी बंद राही. एरवी यंत्रे पुसण्यासाठी चक्रे थांबत तेवढीच उसंत, आणि ते पुसायलाही कामगारच लागत.

१८८१ साली सरकारने पहिला कारखाना कायदा केला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये आणि त्यांना महिन्यातून चार सुट्ट्या द्याव्यात, एवढे त्यात होते. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल आणि सुट्टीबद्दल कायदा गप्प होता. म्हणजे पहा, एकाच खोलीत राहणारा आठ वर्षांचा मुलगा महिन्यातून चार दिवस घरी, आणि त्याचे आईबाप मात्र त्या चारही दिवशी गिरणीत!

इथे एका माणसाचे नाव आदराने घ्यावे लागते. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्याला झाला. शिक्षण बेताचेच. नोकरीच्या निमित्ताने त्यांनी गिरणीतले जिणे जवळून पाहिले. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात काढलेले ‘दीनबंधु’ पत्र १८८० पासून लोखंड्यांनी मुंबईतून चालवले आणि त्यात गिरणीकामगारांची गाऱ्हाणी मांडली.

सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा भरवल्या. त्यांत ठरलेल्या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. मागण्या काय होत्या? दर रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत काहीतरी वेतन मिळावे. आज वाचताना यात अवाजवी असे काय आहे, असा प्रश्न पडतो. पण या मागण्यांसाठी झगडण्यात पुढची सहा वर्षे गेली.

रविवारच का, असा सवाल निघे. रविवार हा साहेबाच्या प्रार्थनेचा वार, त्याचे हिंदी कामगाराला काय? त्यावर लोखंड्यांचे उत्तर आपल्या मातीतले होते. रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार. देशावरून आलेल्या हजारो कामगारांचे कुलदैवत खंडोबा; मग त्यांना त्याच्या वारी मोकळीक का नसावी? शिवाय आठवड्यातले सहा दिवस पोटासाठी राबल्यावर एक दिवस समाजासाठी, मुलाबाळांसाठी असावा, हाही विचार त्यामागे होता.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १८९० साली गिरणीतली बाई हजारोंपुढे उभी राहून सुट्टी मागते, ही गोष्ट शाळेत मुलींना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्याने तिच्यावर सरकारी शिक्का बसला. स्त्रियांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा त्याच कायद्याने आली. लोखंडे १८९७ साली प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना वारले. २००५ साली टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. १९२२ मध्ये कारखान्याचा आठवडा साठ तासांचा झाला, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांत चौपन्न तासांचा, आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, अठ्ठेचाळीस तासांचा. १९४८ च्या कायद्याने तो तसाच कायम केला. दुकानांतल्या नोकरांना हे सुख उशिरा लाभले. मुंबई प्रांताने १९३९ साली दुकाने व संस्थांचा कायदा केला, तेव्हा कुठे दुकानदाराच्या गुमास्त्याला आठवड्यातून एक दिवस आपल्या घरी जेवायला मिळू लागले. महाराष्ट्र सरकारच्या कचेऱ्यांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा झाला.

बरे, सुट्टी मिळाली. त्या दिवसाचे लोकांनी केले काय?

गिरणगावातल्या चाळीत एकेका खोलीत कितीतरी माणसे राहत. बायकामुले पुष्कळदा गावीच. रविवारी कपडे धुवायचे, दाढी करायची, मग ज्याला अक्षर येते त्याच्यापुढे बसून घरी पत्र लिहवून घ्यायचे. दुपारनंतर कोणी आखाड्यात, कोणी लेझमीत, कोणी कबड्डीच्या मैदानावर. रात्री टाळ-मृदंग घेऊन भजन. कोकणातली मंडळी आपल्या नमन-दशावताराच्या तालमी करीत. या मोकळ्या तासांतून शाहीर निघाले, नट निघाले, कवी निघाले. अण्णाभाऊ साठे यांनी गिरणीत काम केले होते. गिरणीत राबलेल्या नारायण सुर्वे यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला संग्रह १९६२ मध्ये निघाला.

घर-कुटुंब असलेल्यांच्या घरात वेगळेच उद्योग सुरू झाले. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली ‘आनंद’ हे मुलांचे मासिक काढले. १९७१ पासून ‘किशोर’ आले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईला नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि १९५३ मध्ये पुण्याचे. मग रविवारी रेडिओभोवती सगळे घर बसू लागले. दिवाळी जवळ आली की कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ घेऊन आकाशकंदील करायचा; मग दगड-विटा रचून, वर पोते पसरून, चिखल लिंपून किल्ला करायचा. पावसाळा नुकताच सरलेला, माती मऊ, आणि शाळेला सुट्टी. किल्ल्याच्या उतारावर अळीव किंवा मोहरी पेरली की चार दिवसांत हिरवे रान उगवते. बुरूज कुठे, पाण्याचे टाके कुठे, चोरवाट कशी काढायची, यावर भावाभावांत वाद होतात. आमचे शिक्षक बंधू मान्य करतील की, गडाची रचना मुलाला धड्यापेक्षा या चिखलातून अधिक समजते.

पण श्रोतेहो, या सुट्टीत एक मोठी उणीव राहिली. कायद्याने सुट्टी दिली ती गिरणीतल्या, कचेरीतल्या माणसाला. चुलीपुढच्या बाईला कोणी दिली? घरचे सगळे घरी, म्हणजे तिला चार भाकऱ्या जास्तच. तिने आपला छंद कामातूनच काढला. गोधडी घ्या. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक पसरायचे, वरचे अस्तर चांगले निवडायचे, आणि काठापासून आत आत येत धावदोऱ्याच्या ओळी घालायच्या. आजीचे लुगडे, बाळाचे झबले, लेकीचे परकर, सगळे त्या चौकोनांत राहते. शेजारणी चारी कडांना बसतात आणि सुईबरोबर बोलणेही चालते. पाहणारा म्हणेल ऊबेसाठी शिवली. मग कोपऱ्यात रंगीत तुकड्यांची फुले कशासाठी लावली?

जात्यावरच्या ओवीचेही तेच. पहाटे दोघी समोरासमोर बसून दळता दळता माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल, सारे गाऊन घेत. साने गुरुजींनी अशा ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ हा ग्रंथ सिद्ध केला. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. पिठाची गिरणी आली, बाईच्या खांद्यावरचे ओझे उतरले, हे चांगलेच झाले. पण जाते थांबले तशी ओवीही थांबली, आणि त्या वाचलेल्या तासात बाईला स्वतःसाठी बसायला मिळाले का, हा हिशेब आपण घरोघर मांडून पाहावा.

सुट्टीचा वार सगळीकडे रविवारच असतो असेही नाही. मालेगावला यंत्रमागांचा खडखडाट शुक्रवारी थांबतो. त्या शुक्रवारी चित्रपट पाहण्याचे वेड इतके की, शेख नासिर आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतःच चित्रपट करायला घेतले. २००० साली त्यांनी ‘शोले’ची विनोदी नक्कल गावातच चित्रित केली. पुढच्या एका चित्रपटाचा नायक यंत्रमागावरचा कामगार होता. मोकळा वेळ मिळाला तर साधा माणूस काय काय करू शकतो, याचा हा अलीकडचा दाखला.

आणि जिथे वेळच मिळत नाही? दिवाळीनंतर बीडकडच्या गावांतून ऊसतोडीला निघणारी कुटुंबे आपण सर्वांनी पाहिली आहेत. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. एक दिवस अंग टाकले तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. गाडी रात्री आली तर रात्री मोळ्या भरायच्या. तिथे रविवार नाही. त्यांच्या मुलांचा किल्ला आणि आकाशकंदील फडावरच्या कोपीत कसा व्हायचा? हजेरीपटावर त्या मुलाच्या नावापुढे महिनेच्या महिने रेघ पडते, हे शिक्षकांना ठाऊक आहे. लोखंड्यांच्या अर्जातली पहिली मागणी सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही या माणसांपर्यंत पोचलेली नाही.

म्हणून दोन विनंत्या करतो आणि पुरे करतो. शिक्षकांना विनंती अशी की, शनिवारची सकाळची शाळा सुटताना मुलांना एक काम सांगावे. घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारायचे: तुमच्या लहानपणी सुट्टी कोणत्या दिवशी असे आणि त्या दिवशी तुम्ही काय करीत होता? आजीला मात्र आधी विचारायचे. उत्तरे वहीत उतरून घ्यायची. चाळीस मुलांच्या चाळीस वह्या जमल्या की गावाच्या घरगुती जीवनाचा इतिहास तयार होईल. असा इतिहास आणखी कोणी लिहून ठेवणार नाही.

घरच्या कर्त्या मंडळींना विनंती अशी की, येत्या सुट्टीला सायकलला तेल जरूर द्यावे, मुलांबरोबर पतंगही करावा. पण त्या दिवशी एका वेळची चूल आपण सांभाळावी आणि घरातल्या बाईला म्हणावे, “आज तुमचा वार.” ती गोधडी घेऊन बसेल, पोथी वाचील, मैत्रिणीकडे जाईल, नाहीतर नुसती उन्हात बसेल. काय करायचे ते तिचे तिला ठरवू द्यावे. १८९० च्या त्या सभेत दोन बायांनी मागितलेल्या सुट्टीचा तिचा वाटा अजून आपल्याकडून येणे आहे.