चिठ्ठी हरवलेला दगड

माझ्या टेबलावर एक दगड आहे. करडा, मुठीत मावेल एवढा. त्यात सहा-सात गोगलगायी रुतून बसल्या आहेत, बोटाच्या पेराएवढ्या. म्हणजे त्यांचे शंख. जवळून बघितलं तर शंखाचे वेढेसुद्धा मोजता येतात. शंखाचं टोक वर धरलं की तोंड डाव्या हाताला येतं. बहुतेक गोगलगायींचं उजव्या हाताला असतं. तर ही डावखुरी मंडळी. शास्त्रीय पुस्तकांत हिचं जुनं नाव फायसा प्रिन्सेपी. वय साधारण साडेसहा कोटी वर्षं.

हा दगड बाबांचा. बाबा पोस्टात होते, भूगर्भशास्त्राशी त्यांचा नोकरीपुरताही संबंध नव्हता. पण रविवारी सायकल काढून कुठेतरी जायचे आणि खिशात दगड घेऊन यायचे. बिस्किटांच्या एका चौकोनी पत्र्याच्या डब्यात ते ठेवलेले असत, प्रत्येक दगड वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला, आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. आम्हा भावंडांना त्या डब्यात बिस्किटं नसल्याचाच राग जास्त.

आई गेल्यावर नागपूरचं घर विकायचं ठरलं. माझ्याकडे रजा चार दिवसांची. डबा कबाडीवाल्याला दिला, दगड अंगणाच्या कोपऱ्यात मुरमाच्या ढिगावर ओतले आणि चिठ्ठ्या बाकीच्या रद्दीबरोबर गेल्या. हा एक दगड मुलाला आवडला म्हणून बॅगेत आला. बस्स, एवढीच ती गोष्ट. पण गेलं वर्षभर या विषयावर थोडं वाचतोय आणि मी नक्की काय फेकलं ते आता हळूहळू कळतंय.

आपला महाराष्ट्र बहुतेक सगळा काळ्या कातळाचा. सह्याद्रीचे कडे, अजिंठा-वेरूळची लेणी, घराच्या पायातला दगड, सगळा एकच काळा पाषाण. जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. मग पुन्हा आला. असे थरावर थर. आज या खडकानं सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलाय, आणि पश्चिम घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. नागपूरकडे येता येता हे थर पातळ होत जातात. सीताबर्डीची टेकडी काळ्या पाषाणाची, पण शहराच्या पूर्वेला निघालं की फार जुना वेगळाच खडक लागतो. म्हणजे नागपूर अगदी या चादरीच्या काठावर बसलेलं आहे.

मला शाळेत असं वाटायचं (आणि शिकवलंही साधारण तसंच जायचं) की एकदा ज्वालामुखी फुटला आणि सगळं झालं. तसं नाही. दोन लाव्हांच्या मध्ये खंड पडायचा. कधी थोडा, कधी हजारो वर्षांचा. तेवढ्या वेळात वरचा खडक झिजून माती व्हायची. घाटातून जाताना डोंगर कापलेला असतो तिथे काळ्या थरांच्या मध्ये विटकरी लाल पट्टा दिसतो ना, ती ही जुनी माती, वरून आलेल्या पुढच्या लाव्हानं भाजलेली. खोलगट जागी पाणी साचून तळी व्हायची. त्यात गोगलगायी यायच्या, पाणवनस्पती यायच्या, काठावरच्या झाडांची फळं आणि बिया गाळात पडायच्या. पाण्यातली सिलिका त्यांच्यात मुरत जायची आणि गाळ गारेसारखा कठीण व्हायचा. मग एक दिवस पुढचा लाव्हा येऊन सगळ्यावर झाकण.

माझा दगड हा अशा एका तळ्याचा तुकडा आहे.

मुंबईकरांसाठी एक जाता जाता: वरळीच्या टेकडीत अशाच एका थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले होते. रिचर्ड ओवेननं १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. डायनासोर हा शब्द बनवणारा ओवेन तो हाच.

नागपुरात हे थर वाचायला सुरुवात केली ती स्टीफन हिस्लॉपनं. हिस्लॉप कॉलेज नागपूरकरांना माहीत असतं, माणूस फारसा कुणाला नाही. स्कॉटलंडचा मिशनरी, १८४५ मध्ये इथे आला, तेव्हा नागपूरवर भोसल्यांचं राज्य होतं. धर्मप्रसार हे त्याचं काम. त्याबद्दल ज्याचं त्याचं मत असो. पण हा माणूस चालताना खाली बघून चालायचा. रॉबर्ट हंटर नावाचा त्याचा सहकारी होता, आणि १८५१ मध्ये नागपूरजवळच्या टाकळीच्या परिसरात या दोघांना लाव्हांच्या मधला असा थर सापडला. शंख, फळं, बिया. टाकळी तेव्हा शहराबाहेरचं गाव होतं, आता शहराच्या पोटात गेलंय.

पुढची दहा-बारा वर्षं हिस्लॉप दगड गोळा करून लंडनला पाठवत राहिला. तिथे एकानं त्यातले किडे तपासले, एकानं पाण्यातले शिंपल्यांसारखे सूक्ष्म जीव, एकानं पानं. दक्षिणेकडे मांगलीला मिळालेल्या एका जुन्या उभयचर प्राण्याच्या कवटीला ओवेननं १८५५ मध्ये ब्रॅकिऑप्स हे नाव दिलं. गोगलगायींवर हिस्लॉपनं १८६० मध्ये स्वतः लिहिलं.

४ सप्टेंबर १८६३ ला तो टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं बघून घोड्यावरून परतत होता. बोरीजवळ नाल्याला पूर आलेला. त्यात बुडून गेला. वय ४५. माझं वय त्याहून जास्त आहे, हे वाचताना उगाच जाणवलं.

आता खरी गंमत. हे थर नक्की कधीचे? म्हणजे डायनासोर होते तेव्हाचे की ते संपल्यानंतरचे? हिस्लॉपला वाटलं नंतरचे, कारण टाकळीची फळं आणि शंख त्याला इंग्लंडमधल्या नंतरच्या काळातल्या थरांसारखे दिसले. पुढे काहींनी उलट सांगितलं. मग १९३४ मध्ये बिरबल साहनींनी हा प्रश्न पुन्हा काढला. वनस्पतींच्या जीवाश्मांचे आपल्याकडचे सगळ्यात मोठे अभ्यासक. छिंदवाड्याजवळच्या मोहगावच्या थरांतली फळं त्यांनी अभ्यासली होती, आणि त्यांचं म्हणणं पडलं की हिस्लॉप बरोबर, हे थर डायनासोरनंतरचे. साहनींच्या शब्दाला वजन होतं. लखनौच्या त्यांच्या संस्थेची पायाभरणी नेहरूंच्या हस्ते ३ एप्रिल १९४९ ला झाली, त्या कोनशिलेतही साहनींनी जीवाश्म बसवले होते. आठवडाभरात, १० एप्रिलला, ते गेले.

आणि मग १९८०च्या दशकात नागपूर भागातल्या याच लाव्हांमधल्या थरांतून डायनासोरच्या अंड्यांच्या कवचाचे बारीक तुकडे निघाले. अंडी आहेत म्हणजे घालणारेही होते! त्या कामात पुढे होते अशोक साहनी. बिरबल साहनींचे पुतणे. (महाराष्ट्रात काका-पुतण्या म्हटलं की लोक कान टवकारतात, पण हा वाद फार सभ्य होता, काका हयात नसल्यामुळे.) नंतर खडकातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून वय काढता आलं आणि कळलं की बहुतेक लाव्हा सहा कोटी साठ लाख वर्षांच्या आगेमागे, सुमारे दहा लाख वर्षांच्या आत आलाय. डायनासोर संपले ती रेघ या लाव्हांच्या मधूनच जाते. काही तळी रेघेच्या अलीकडची, काही पलीकडची. म्हणजे कुठला दगड कुठल्या तळ्यातला, हे कळल्याशिवाय त्याच्याबद्दल काहीच बोलता येत नाही.

इथे मला बाबांच्या चिठ्ठ्या आठवल्या.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या लाव्हाखालच्या थरात डायनासोरची हाडं मिळतात, आणि त्यांची दगड झालेली विष्ठाही. १९३९ मध्ये मॅटलेनं तिचं वर्णन लिहून ठेवलं. हसू नका. २००५ मध्ये लखनौच्या त्याच संस्थेतल्या वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याची ही विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. त्यात गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे कण निघाले. तोवर असं मानत की डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच, ते नंतर आलं. पिसदुऱ्यानं ते खोडून काढलं. एवढंच नाही, २०११ मध्ये त्यांनी दाखवलं की त्यातलं काही गवत भाताच्या कुळातलं आहे. वरण-भात कालवताना हे आठवलं की मजा वाटते.

पण हे सगळं कशामुळे जमलं? नमुना पिसदुऱ्याचा, कुठल्या थरातला, हे पक्कं माहीत होतं म्हणून. हिस्लॉपचं वय चुकलं, बिरबल साहनींचंही चुकलं, पण दोघांनी दगड कुठे मिळाला ते नीट लिहून ठेवलं होतं. त्यामुळे त्यांची चूक दुसऱ्याला दुरुस्त करता आली. चिठ्ठी नसलेला दगड हा नुसता शोभेचा दगड. त्याला काही विचारता येत नाही.

बाबांनी चिठ्ठ्या का लिहिल्या असतील? दाखवायचं तर कुणाला नव्हतं. आम्हाला तर नाहीच, आम्ही कधी विचारलं नाही.

परवा नागपूरला आत्याला फोन केला. ती आता ब्याऐंशीची आहे, पण आवाज खणखणीत.

"काय करून राहिलास तू? बाबाचे दगड शोधून राहिला का आता?"

"शोधत नाही गं आत्या. फक्त कुठून आणायचे ते सांग."

"टाकळीकडे जात होता ना. गिट्टीची खदान होती तिकडे. मी एकदा डबल सीट गेली होती, येताना चेन पडली सायकलची, घरी येईपर्यंत अंधार. तुझ्या आजीनं दोघांनाही ठेवून दिलं."

"नक्की टाकळी? शंखवाले दगड?"

ती थोडी थांबली. "शंखाचं नाही सांगता येत रे. कळमेश्वरच्या रस्त्यानंही जायचा तो. बहिणीकडे पाटणसावंगीला गेला की तिकडूनही आणायचा. लिहून ठेवत होता ना सगळं? चिठ्ठीत बघ की."

मी काही बोललो नाही. मग ती गुडघ्यांबद्दल बोलत बसली.

चुलत-आत्ये भावंडांपैकी कुणी हे वाचत असेल तर एक विनंती. बाबा सुट्टीत आलेल्या मुलांना एखादा दगड द्यायचे, चिठ्ठीसकट. कुणाच्या माळ्यावर, शिवणाच्या डब्यात, कुठे असा वर्तमानपत्रात गुंडाळलेला दगड असेल तर उघडताना कागद टाकू नका. आतली चिठ्ठी आधी वाचा आणि मला कळवा.

माझ्या दगडाला काल मी नवी चिठ्ठी केली. पेन्सिलीनंच. 'बाबांकडून. सापडल्याचं वर्ष माहीत नाही. जागा : टाकळी, किंवा कळमेश्वर रस्ता, किंवा पाटणसावंगी. आत्याच्या सांगण्यावरून.'