आपला संगमेश्वर तालुका

आपल्या तालुक्याचे नाव संगमेश्वर, पण कचेरी देवरुखास. जुने संगमेश्वर शास्त्री नदीकाठी, संगमावर वसलेले. १६८९ साली संभाजी महाराज तेथेच पकडले गेले. इथली भातशेती पावसाच्या भरवशावर, म्हणून घरचे पुरुष पिढ्यानपिढ्या मुंबईस. २०११ च्या शिरगणतीत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या. गाव सांभाळले ते बायकांनीच. १९६२ साली पंचायत समिती आली, पण तिथल्या निम्म्या जागा स्त्रियांना मिळण्यास २०११ साल उजाडले. भगिनींनो, मी सातवी शिकलेली. तरी वैशाखात हंडाभर पाण्याला किती चालावे लागते, हे मला कोणी शिकवायला नको. ग्रामसभेआधी कायद्याने महिलांची सभा भरते. तेथे हा प्रश्न आपणच मांडू या.