न चकाकणारा हिरवा

परवा विठ्ठलवाडीच्या घरी माळा आवरायला गेलो होतो. धाकट्या काकांचा फोन होता, "आबांची ट्रंक भंगारात घालू का? तळ सडलाय." मी म्हटलं, "थांबा, मी येतो." त्या ट्रंकेशी माझा एक जुना हिशोब बाकी आहे.

आबा म्हणजे माझे आजोबा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ते रंगाऱ्याच्या हाताखाली कामाला होते. याच छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना जागा मिळाली आणि १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं. आमच्याकडे अजूनही लोक 'कॅम्प नंबर चार' असंच म्हणतात. कॅम्प कसला, हे मात्र कुणी विचारत नाही. ट्रंक त्या छावणीतली. रंग गडद हिरवा, पण मेलेला, शाळेच्या फळ्यासारखा. १९८६ साली बारावीच्या सुट्टीत गणपतीच्या आधी मी उत्साहाने ती पॉलिशपेपरने घासून काढली आणि वर चकचकीत हिरवा ऑइलपेंट मारला. आबा बघत बसले होते. शेवटी म्हणाले, "छान दिलास रंग. पण आता ही कुणाचीही ट्रंक झाली." आणि थोड्या वेळाने, "आमचा साहेब चकाकलेलं दिसलं की ओरडायचा. चकाकलं की वरून दिसतं."

तेव्हा काही कळलं नाही. पुढे जुन्या विमानांच्या डागडुजीबद्दल वाचायचा नाद लागला तेव्हा कळलं, की आबांनी दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं होतं.

युद्धातल्या विमानांचा रंग मुद्दाम मॅट असायचा. चकचकीत रंगात तेलाचा किंवा राळेचा गुळगुळीत थर वर येतो आणि ऊन आरशासारखं एका दिशेला फेकतो. मॅट रंगात पूड जास्त आणि बांधणारा द्रव कमी असतो, त्यामुळे पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि प्रकाश सगळीकडे विखुरतो. गंमत अशी, की पूड तीच असली तरी मॅट रंग फिका दिसतो आणि चकचकीत गडद. म्हणजे छटा अचूक जुळवून वर चकाकी दिली तर रंग चुकलाच. अमेरिकन सरकारच्या १९५६ सालच्या रंगतक्त्यात म्हणूनच पाच आकडी क्रमांकातला पहिला आकडा चकाकीचा आहे. १ म्हणजे चकचकीत, २ म्हणजे अर्धवट, ३ म्हणजे मॅट. ३४०८७ मधला ३ मॅटचा, ४ हिरव्याचा.

पण हा तक्ता युद्धानंतरचा. १९४३ च्या विमानाचा रंग त्यात शोधणं म्हणजे आजीच्या लग्नातल्या शालूचा रंग आजच्या शेडकार्डात शोधणं. जवळपास पोचता येतं, इतकंच. लंडनच्या आर. ए. एफ. म्युझियमने १९७६ साली महायुद्धातल्या ब्रिटिश विमानांच्या रंगांवर पुस्तक काढलं, तेव्हा त्यात नुसती छापील चित्रं न देता खऱ्या रंगाचे नमुने दिले. छपाईवर याबाबतीत विसंबता येत नाही.

मग खरा रंग शोधायचा कुठे? जिथे ऊन पोचलं नाही तिथे. नावाच्या पट्टीखाली, पत्र्याच्या जोडात, झाकणांच्या आत. बाहेरचा मॅट रंग उन्हाने खडूसारखा भुकटी होतो, त्याच्याशी जुळवलं तर म्हातारपणाचा रंग मिळतो. उलट वर्षानुवर्षं अंधारात राहिलेला जवसाच्या तेलातला रंग पिवळट होतो, म्हणजे तोही पूर्ण खरा नाही. म्हणून जाणकार एखाद्या कोपऱ्यात बारीक पेपरने हळूहळू थर उघडतात. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे सगळे रंग एकाखाली एक दिसतात, आणि मग ठरवावं लागतं, की या विमानाच्या आयुष्यातला कुठला दिवस आपण परत आणतोय.

जुने फोटो बघावेत म्हटलं तर तेही दगा देतात. त्या काळच्या काही कृष्णधवल फिल्मला तांबडं दिसतच नसे आणि पिवळं काळपट दिसे, निळं मात्र फिकट. फोटोत काळं दिसणारं वर्तुळ प्रत्यक्षात पिवळं असू शकतं.

आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा फास तर या वर्तुळाचाच आहे. ब्रिटिश विमानांवरच्या गोल खुणेत मध्ये लाल ठिपका असे. जपानी विमानांवरही लाल गोळा. घाईत, धुरात, मानेला रग लागेपर्यंत वर बघणाऱ्या तोफवाल्याने काय समजायचं? म्हणून १९४२ साली भारत-ब्रह्मदेशाच्या बाजूच्या विमानांवरचा लाल काढून टाकला. उरली निळी आणि पांढरी खूण. पांढराही फार उठून दिसतो म्हणून पुष्कळदा त्यात निळा मिसळून तो फिका केलेला. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जनसिंग यांच्या क्रमांक एकच्या स्क्वाड्रनची हरिकेन विमानं लाल ठिपक्याविनाच लढली. आज कुणी हौशीने तसल्या हरिकेनवर लाल ठिपका काढला, तर ते विमान दिसेल सुंदर, पण ते आपल्या आघाडीवरचं राहणार नाही. आपलीच तोफ आपल्याच माणसावर चालू नये म्हणून पुसलेला ठिपका आहे तो.

आमच्या घरापासून मलंगगडाच्या बाजूला गेलं की नेवाळी लागते. तिथे युद्धकाळातली धावपट्टी आहे. शेतकऱ्यांच्या जमिनी तेव्हा घेतल्या गेल्या, आणि त्याच जमिनीच्या कुंपणावरून जून २०१७ मध्ये आंदोलन पेटलं. गाड्या जळलेल्या सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. तिथल्या म्हाताऱ्या माणसांसाठी युद्ध १९४५ ला संपलेलं नाही. त्या काळातली वस्तू रंगवताना 'असेल काहीतरी हिरवं' म्हणणं मला म्हणूनच बरं वाटत नाही.

रंगाने ओळख पुसता येते तशी देताही येते. २०१८ साली हवाई दलाला एक डाकोटा विमान भेट मिळालं. इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन ते उडत उडत भारतात आलं. नाव परशुराम, क्रमांक व्हीपी ९०५. हा क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला गेलेल्या डाकोटाचा. हे विमान मात्र ते नव्हे, दुसरंच आहे. क्रमांक रंगवून त्याने त्या विमानाची आठवण अंगावर घेतली आहे. यात फसवणूक नाही, कारण कुणी ते लपवलेलं नाही. माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे. नवा रंग द्यायला हरकत नाही, पण खाली काय होतं याची नोंद ठेवावी आणि एखादा हातभर तुकडा तरी तसाच सोडावा. मी १९८६ साली नेमकं हेच केलं नव्हतं.

असो. तर माळ्यावरून ट्रंक काढली. काकांनी स्क्रू ड्रायव्हर दिला आणि सहज म्हणून मी झाकणाची गंजकी बिजागरी सोडवली. खाली दोन बोटं रुंद पट्टी निघाली. मेलेला, फळ्यासारखा हिरवा! माझा पॉलिशपेपर तिथे पोचलाच नव्हता.

झाकण घेऊन रंगाच्या दुकानात गेलो. तीनदा मिसळून छटा बरोब्बर जुळली, दुकानाच्या दिव्याखाली. बाहेर उन्हात आणली तर चक्क तपकिरी. यात दुकानदाराची चूक नव्हती. वेगळ्या पुडींनी बनवलेले दोन रंग एका उजेडात सारखे दिसतात आणि दुसऱ्यात वेगळे. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बसून, थेंब थेंब काळा आणि पिवळा घालत, वाळल्यावर पुन्हा बघत, बराच जवळ पोचलो. अगदी तोच नाही.

तळाला नवा पत्रा मारून घेतला आणि सगळी ट्रंक त्या मॅट रंगाने रंगवली. बिजागरीखालची पट्टी मात्र तशीच ठेवली, आणि झाकणाच्या आत कागद चिकटवला: मूळ रंग बिजागरीखाली आहे, घासू नये.

काका म्हणाले, "एवढं करून चमक नाहीच आली की रे."

म्हटलं, "नाही ना? मग जमलं."