‘अस्सल / नकली’ हा रकाना मी का काढला

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक्सेलमध्ये मोठ्या हौसेने एक रकाना केला होता: ‘अस्सल / नकली’. विषय होता उत्तरकालीन रोमन साम्राज्यातली चांदीची नाणी. त्यांना आपण सिलिक्वा म्हणतो. हे नावही अलीकडच्या अभ्यासकांनी सोयीसाठी रुळवलेलं. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात तिचं वजन साधारण २ ग्रॅम. तीन-चार महिने छापील सूच्या चाळून मी तो रकाना भरला. मग गाइड मॅडमनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, “नकली म्हणजे कुणासाठी नकली?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते मिळालं हॉक्सनच्या निधीत. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात १९९२ साली एक जण मेटल डिटेक्टर घेऊन शेतात हरवलेला हातोडा शोधत होता, सापडलं सोनं-चांदी. सगळं उपसून काढायचा मोह आवरून त्याने खबर दिली, म्हणून पुरातत्त्वज्ञांना उरलेला निधी जागच्या जागी उकरता आला. सुमारे १५ हजार नाणी, त्यांतल्या १४ हजारांवर सिलिक्वा. सगळ्यात उशिराची नाणी इ. स. ४०७-४०८ची, म्हणजे निधी पुरला गेला तो त्यानंतरच.

आता गंमत बघा. यातल्या जवळपास सगळ्या सिलिक्वा कडेने कातरलेल्या आहेत. काही तर एक ग्रॅमच्याही खाली गेल्यात. पण सम्राटाच्या चेहऱ्याला सहसा धक्का नाही. कातरणाऱ्याला नाणं चालतं ठेवायचं होतं, असा त्याचा अर्थ लावला जातो. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनकडे नव्या चांदीच्या नाण्यांचा ओघ जवळपास आटला होता, आणि असं सर्रास कातरणं प्रामुख्याने ब्रिटनमध्येच दिसतं.

याच निधीत चारशेहून अधिक नाणी अनुकृती आहेत, म्हणजे सरकारी टांकसाळीबाहेर, स्थानिक पातळीवर पाडलेली. मी ती बेधडक ‘नकली’त टाकली होती. पण त्यांतल्या बहुतेकांत चांदी सरकारी नाण्यांइतकीच आहे! कातरलेल्या कडा वितळवून ती पाडली असावीत, हे मला सर्वांत पटणारं स्पष्टीकरण. मोजकी नाणी मात्र खरोखर फसवी: आत हलका धातू, वर चांदीचा पत्रा. नाणेटंचाई भागवणारा आणि लोकांना टोपी घालणारा, अशा दोघांना मी एकाच रकान्यात कोंबलं होतं.

संग्राहकांशी माझं भांडण नाही. सुट्या नाण्यांची निगा आणि छायाचित्रं अनेकदा त्यांच्याचमुळे मिळतात. पण अनुकृतीवर ट्रीरच्या टांकसाळीची ‘टीआरपीएस’ ही खूण असली, तरी ती कुठे पाडली हे त्या खुणेवरून कळत नाही, कारण खूणसुद्धा नक्कलच. तिथे आधार उरतो तो सापडल्या जागेचा आणि सोबतच्या नाण्यांचा. निधी फोडून एकेक नाणं विकलं, की नेमकी तीच माहिती जाते. शिवाय बाजारात मान भरीव, अखंड नाण्याला; कातरलेलं स्वस्तात जातं. आमच्यासाठी जास्त बोलकं तेच.

तो रकाना मी पुसला. आता पाच आहेत: वजन, किती कातरलं, अक्षरं शुद्ध की बिघडलेली, गाभ्यातला धातू आणि सापडल्याचं ठिकाण. लिलावाच्या याद्यांमधून घेतलेल्या नाण्यांपुढे शेवटचा रकाना बहुतेक वेळा कोराच राहतो.