साष्टीचे ख्रिस्ती आणि गोमंतकाचे पाहुणे

वेसावे गाव आणि मढ यांच्यामध्ये जी खाडी समुद्राला मिळते, तिच्या मढकडील तीरावर पोर्तुगीज अमदानीतला एक किल्ला आहे. आज तो मढचा किल्ला म्हणून ओळखला जात असला तरी जुन्या लेखनात त्याला वेसाव्याचा किल्ला असेच म्हटलेले आढळते. गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने १५३४ साली वसईचा मुलूख पोर्तुगिजांच्या स्वाधीन केला, तेव्हापासून १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई सर करीपर्यंत त्या मुलखातील, मुंबईलगतच्या साष्टी बेटावर लिस्बनच्या राजाची हुकूमत होती. त्या दोन शतकांत येथील कोळी, कुणबी, भंडारी यांपैकी पुष्कळांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि बाप्तिस्म्याबरोबर परेरा, डिसोझा अशी नावेही घेतली. परंतु त्यांची होडी तीच राहिली, शेत तेच राहिले आणि घरात बोलली जाणारी मराठीही राहिली. पुढे पेशव्यांचा अंमल आला, १७७४ साली इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. गोमंतक मात्र पोर्तुगिजांच्याच ताब्यात राहिला. एकाच धर्माची, एकाच किनाऱ्याची आणि बहुतांशी एकाच ताटातली माणसे अशा रीतीने दोन राजांची रयत झाली.

एकोणिसाव्या शतकात गोव्याहून मुंबईकडे माणसांचा जो ओघ सुरू झाला, त्याचे कारण गोव्यातच होते. तेथील जमीन गावकरीच्या म्हणजे ग्रामसंस्थांच्या आणि भाटकारांच्या म्हणजे जमीनदारांच्या हाती, उद्योगधंदे जवळजवळ नाहीत, आणि उत्तरेस वाढत चाललेले एक बंदर. प्रथम पडाव, मग आगबोटी आणि १८८० नंतरच्या दशकात मुरगावची रेल्वे, या मार्गांनी खलाशी, आचारी, शिंपी, आया, कारकून येऊ लागले. वाजंत्री येण्यालाही कारण होते. गोव्यातील चर्चच्या शाळेत मुलांना अक्षरांबरोबर सुरावळीही शिकवीत, त्यामुळे इंग्रजांच्या बँडला गोमंतकीय वादक आयता सापडे. ही परंपरा इतकी दीर्घ चालली की पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक म्हणून विख्यात झाले.

येणाऱ्याला हा परदेश परका वाटण्याचे काही कारण नव्हते. साष्टीतील अनेक चर्चांचा धर्मकारभार, राज्य इंग्रजांचे असूनही, १९२८ पर्यंत पोर्तुगीज धर्मसत्तेच्या अखत्यारीत होता. तीच प्रार्थना, तोच सेंट झेवियर. गोव्याच्या ‘विंदालू’ला येथे ‘इंडियाल’ म्हणतात एवढाच काय तो भेद! परंतु या साम्यानेच यजमानाची पंचाईत केली, आणि हा या इतिहासातील मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटणारा भाग आहे. सरकारी दप्तरात दोघांचीही नोंद ‘पोर्तुगीज’ अशीच होई. मग कारकुनी जागेसाठी अर्ज केलेला अंधेरीचा परेरा आपण इंग्रजांची जुनी रयत आहोत आणि शेजारचा परेरा परराज्यातला आहे, हे कसे सांगणार? अखेर व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून २६ मे १८८७ रोजी साष्टी, मुंबई आणि वसईच्या ख्रिस्ती लोकांनी ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन केली आणि ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वतःस घेतले. ईस्ट इंडिया कंपनीची आठवण देणारे ते नाव होते. स्थलांतर करणारा नवे नाव घेतो असे आपण समजतो. येथे आपल्या गावठाणात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याने नाव बदलले. त्यामागे तिरस्कार नव्हता, भाकरीची चिंता होती, असे माझे मत आहे. आणि ती चिंता अप्रामाणिक म्हणता येणार नाही.

गोमंतकीयाने मात्र आपले नाव सोडले नाही, किंबहुना त्याने आपले गावच बरोबर आणले. धोबीतलाव, माझगाव या भागांत त्याने ज्या ‘कुडी’ उभारल्या, त्यांना इंग्रजीत क्लब म्हणत. प्रत्येक कूड एकेका गावाची असे. अल्प वर्गणी भरावी, भिंतीशी आपली पेटी ठेवावी, जमिनीवर चटई पसरून निजावे आणि संध्याकाळी गावाच्या संताच्या वेदीसमोर सर्वांबरोबर जपमाळ म्हणावी, असा तेथील शिरस्ता होता. दोन सफरींच्या मधल्या काळात बोटीवरचा खलाशी तेथे उतरे, आणि नोकरीच्या शोधात आलेल्या पोराला पहिल्या रात्रीच छप्पर मिळे. कोणत्याही सरकारने न बांधलेली, गरिबांनी गरिबांसाठी चालविलेली याहून थोर व्यवस्था मुंबईच्या इतिहासात मला दुसरी दिसत नाही.

मातृभूमीत ज्या कोकणी भाषेला राजाश्रय नव्हता, तिचे वृत्तपत्र या परमुलखात निघाले आणि येथेच ती रंगभूमीवर चढली. कोकणीतले पहिले वृत्तपत्र ‘उदेंतेचें साळक’ १८८९ साली पुण्यास निघाले, आणि पहिले तियात्र, म्हणजे कोकणी नाटक, ‘इटालियन भुरगो’ १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाले. गोव्याच्या हिंदूंची वाट अधिक सोपी होती, कारण मराठी त्यांना बालपणापासून अवगत. गिरगावच्या चाळींत ते सहज मिसळले, तरी १९१९ साली त्यांनाही ‘गोवा हिंदु असोसिएशन’ स्थापावीशी वाटली.

१९४७ नंतर भारत आणि पोर्तुगिजांचा गोवा यांमधली सरहद्द गोमंतकीयांना प्रथमच बोचू लागली. १९५५ मध्ये गोव्याची आर्थिक नाकेबंदी झाली, रेल्वे थांबली, आणि मुंबईत मिळविलेला पैसा घरी धाडणे दुष्कर झाले. म्हातारी आई एका राज्यात आणि कमावता मुलगा दुसऱ्यात, असा प्रसंग असंख्य कुटुंबांवर ओढवला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि मुंबईतला गोमंतकीय जागचा न हलता परदेशस्थाचा स्वदेशस्थ झाला. ज्या हद्दीमुळे साष्टीच्या ख्रिस्ती लोकांना नवे नाव घ्यावे लागले, ती हद्द त्या दिवशी पुसली गेली. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव मात्र आजही चालू आहे.